घाटावरचा माणूस मासेमारीच्या बोटीवर: पहिला हंगाम कसा धरावा?

आंबाघाट_22

नमस्कार मंडळी. मी शाहूवाडी तालुक्यातला, वय 22, आयटीआय डिझेल मेकॅनिक पूर्ण. घरात आजवर कुणी समुद्रावर गेलेलं नाही. येत्या 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली की रत्नागिरी किंवा हर्णैच्या बाजूला खलाशी म्हणून लागायचं ठरवलंय. एक हंगाम बघून घरी परतायचं नाही, पुढे ड्रायव्हर (इंजिन सांभाळणारा) आणि जमलं तर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, व्हायचं आहे.

कोणत्या प्रकारच्या बोटीवर आधी जावं? पैशाचा हिशेब कसा असतो? आधी एखादा कोर्स करावा की थेट बोटीवर चढावं? आणि नवीन माणसाच्या हातून काय चुकतं, ते मोकळेपणाने सांगा. विहिरीत पोहता येतं, समुद्रात पोहलेलो नाही.

सुकतीची_वेळ

आधी बोटींबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

डोल जाळ्याची बोट पालघर, मुंबई, रायगडच्या बाजूला जास्त. पिशवीसारखं लांब जाळं समुद्रात खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला धरतात. प्रवाह पाणी आणतो, त्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आत येतो, आणि पाणी फिरायच्या आत जाळं उचलावं लागतं. म्हणून या बोटीवर घड्याळ भरती-ओहोटीचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला काम जोरात, अष्टमीच्या भांगाला ढिलं. तुझ्या भागात ही बोट फारशी मिळणार नाही.

पर्ससीन म्हणजे बांगडा-तारलीच्या थव्याला वेढा घालून खालून दोर आवळणं. एका बोटीवर पंचवीस-तीस माणसं लागतात, त्यामुळे नवख्याला काम पटकन मिळतं, आणि म्हणूनच नवखे तिकडे वळतात. पण राज्याच्या हद्दीत पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा आहे. चार महिन्यांनी पुढे काय, हे मालकाला आधीच विचार. शिवाय तीस जणांत तू फक्त दोर ओढणारा एक हात असतोस. जाळं कुठे टाकायचं, का टाकायचं, यातलं काही कानावर येत नाही.

ट्रॉलरवर सहा ते आठ माणसं. जड फळ्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात, तळाशी जाळं दोन-तीन तास ओढायचं, विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर घ्यायचं, डेकवर ओतायचं, निवडायचं, धुवायचं, बर्फात लावायचं, तोवर पुढचं जाळं वर यायची वेळ झालेली असते. झोप तुकड्यातुकड्यांत. मुंबईच्या ट्रॉलरची फेरी आठ-दहा दिवसांची, क्वचित त्याहून लांब.

गिलनेटवर, म्हणजे पापलेट-सुरमईच्या तरत्या जाळ्याच्या बोटीवर, माणसं कमी. संध्याकाळी जाळं सोडायचं, रात्र त्याच्या टोकाला धरून काढायची, पहाटेच्या आत खेचायला घ्यायचं. मासा जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकात, कल्ल्यांपाशी अडकतो, तो अंगाला ओरखडा न पडू देता सोडवणं हे कसब आहे. पापलेटाची चंदेरी कातडी खरवडली गेली की भाव तिथेच पडतो.

माझं मत विचारशील तर पहिला हंगाम लहान गिलनेट बोटीवर किंवा एक-दोन दिवसांची फेरी करणाऱ्या ट्रॉलरवर काढ. माणसं कमी असली की प्रत्येक कामाला हात लागतो, आणि बोट लागली तर (म्हणजे समुद्र लागून उलट्या झाल्या तर) दोन दिवसांत किनारा असतो. दहा दिवसांच्या पहिल्याच फेरीत माणूस उलट्यांनी गळून पडला तर एका माणसासाठी बोट मागे फिरत नाही.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. जनरेटर आणि मोठे एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटीवर कितीही पगार मिळो, चढू नकोस. केंद्राने 2017 साली ही पद्धत बंद केली आहे. बोट पकडली गेली की हंगामाची कमाई तिच्याबरोबर बांधून पडते, आणि कायद्याचं सोडलं तरी ती लहान-मोठी सगळीच मासळी गोळा करून पुढच्या हंगामाचं बी संपवते. राज्याने 54 जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली आहे. चंदेरी पापलेटाला ती 135 मिलिमीटर आहे. निवडायला बसलास की एवढी तरी मापं पाठ असू देत. ट्रॉलच्या खोल्याला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, 40 मिलिमीटरचा चौकोनी आस असतो तोही याचसाठी: पिल्लू निसटावं.

वाटा_आणि_उचल

पैशाबद्दल कुणी नीट बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन पद्धती आहेत. एक ठरलेला पगार, दुसरी वाटा. पगारात मासे मिळोत न मिळोत रक्कम तीच, वर चांगल्या फेरीला थोडं बक्षीस. वाट्याचा हिशेब एका उदाहरणाने सांगतो. आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत.

समजा फेरीचा मासा लिलावात 3,00,000 रुपयांना गेला. त्यातून डिझेल 90,000, बर्फ 15,000, किराणा-पाणी 15,000, दलाली 15,000 वजा. राहिले 1,65,000. निम्मे बोटीचे, म्हणजे मालकाचे, कारण इंजिन, जाळी, डागडुजी त्याच्या अंगावर. उरले 82,500. तांडेलाचे दोन वाटे, ड्रायव्हरचा दीड, भंडाऱ्याचा (स्वयंपाक्याचा) एक, चार खलाशांचे चार आणि नवख्याचा अर्धा: एकूण 9 वाटे. एक वाटा साधारण 9,166 आणि तुझ्या हातात 4,583. विक्री निम्मी झाली तर? दलालीही निम्मी होते, पण डिझेल, बर्फ, किराणा तेवढाच राहतो. 1,50,000 मधून 1,27,500 गेले, उरले 22,500, त्यातले निम्मे 11,250. वाटा 1,250, तुझा 625. वाट्याच्या कामात चांगली आणि वाईट फेरी यांत एवढं अंतर असतं, आणि डिझेल जास्त खाणारी जुनी बोट सगळ्यांच्याच खिशातून खाते.

म्हणून आधी विचारायचं: दलाली खर्चात धरता का, फाटलेल्या जाळ्याचा खर्च कुणाचा, सरकारकडून मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा हिशेबात येतो की मालकाकडे राहतो, फेरी रिकामी गेली तर खलाशाला खर्ची मिळते का. बंदराबंदरात उत्तरं वेगळी असतात. वेगळी असली म्हणून चुकीची नव्हेत, पण आधी ठरलेली हवीत.

आता उचल. जून-जुलैत घरात पैसा नसतो, त्या वेळी मालक किंवा मुकादम हंगामाची आगाऊ रक्कम देतो. जास्तीत जास्त घ्यावीशी वाटते. घेऊ नका. उचल फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही. तांडेल वाईट निघाला, बोट गळकी निघाली, तरी पाय अडकलेला असतो. पहिल्या वर्षी कपडे-बूट आणि प्रवासापुरतीच घ्या, आणि किती घेतली ते वहीत तारखेसह लिहून समोरच्याची सही घ्या. प्रत्येक फेरीनंतर विक्रीची पट्टी बघायला मागा, चांगला मालक ती दाखवतोच. मागितल्यावर चिडणारा मालक असेल तर पुढच्या हंगामाला दुसरी बोट बघावी.

विम्याचं विसरू नका. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख आणि अपघातात दवाखान्याच्या खर्चाला 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. वय 18 ते 70. हप्ता सरकार भरतं, पण तुमचं नाव मच्छीमार संस्थेमार्फत नोंदलेलं असलं पाहिजे. बाहेरून आलेल्या खलाशांची नावं इथेच राहून जातात. पहिल्या आठवड्यातच संस्थेच्या कार्यालयात आधार, बँक पासबुक आणि वारसाचं नाव घेऊन जा. प्रत्येक फेरीला बोटीच्या खलाशी-यादीत आपलं नाव बरोबर लिहिलंय का तेही बघा. यादीत नसलेला माणूस समुद्रात दगावला तर तो बोटीवर होता हे सिद्ध करताना घरच्यांचे हाल होतात.

शाफ्ट_ग्लँड

डिझेल मेकॅनिक आहात ही फार जमेची बाजू आहे, पण ती पहिल्याच दिवशी मिरवू नका. जमिनीवरचं इंजिन आणि बोटीवरचं इंजिन यांत फरक पाण्याचा आहे.

इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतलं जातं. त्याच्या गाळणीत प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश अडकला की काही मिनिटांत तापमान चढतं. म्हणून इंजिन सुरू केल्याबरोबर बाहेरच्या नळीतून पाणी पडतंय का ते आधी बघायचं, मग बाकीचं. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला तर अर्ध्या मिनिटात त्याची पाती तुटायला लागतात. त्याचा एक जोड नेहमी बोटीवर हवा. त्याबरोबर पट्टे, डिझेल आणि ऑइलचे फिल्टर, नळीचे क्लिप, ग्लँडची पॅकिंग दोरी.

ग्लँड म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथली गाठ. गॅरेजमधून आलेला माणूस तिथून थेंब पडताना बघून घट्ट आवळतो. ही हमखास होणारी चूक. ते थेंब शाफ्टला थंड ठेवतात. चालू असताना मिनिटाला थोडे थेंब पडले पाहिजेत. कोरडी आवळली की पॅकिंग जळते, शाफ्टवर चर पडतात, आणि मग गळती खरोखर थांबत नाही. धार लागली तरच दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा.

डिझेलमध्ये पाणी हा दुसरा शत्रू. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या ओलाव्याचं पाणी होऊन तळाशी बसतं. किनाऱ्याजवळ शांत पाण्यात ते तळाशीच राहतं आणि इंजिन ठीक चालतं. बाहेर बोट हेलकावे खायला लागली की ते ढवळून फिल्टरपर्यंत येतं आणि इंजिन नेमकं तिथेच बंद पडतं. निघण्याआधी फिल्टरच्या तळाचं पाणी काढायचं आणि नंतर हवा काढून टाकायची, हे अंधारात, हलत्या बोटीवर, हाताच्या अंदाजाने जमायला हवं.

बोट ढकलणाऱ्या पंख्यात जाळं किंवा दोर गेला की इंजिन लगेच न्यूट्रल करून बंद. उलटा फिरवून सोडवायचा मोह होतो, त्याने गुंता आणखी आवळतो आणि शाफ्ट वाकतो.

रस्ता असा: खलाशी, मग ड्रायव्हरचा मदतनीस, मग ड्रायव्हर. बंदीच्या जून-जुलैत घरी जाऊ नका. बोटी तेव्हा वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडतात, शाफ्ट काढतात, पंखे घासतात. त्या दोन महिन्यांत जे शिकायला मिळतं ते दहा महिन्यांत मिळत नाही, आणि मालकाला तुमचा हातही कळतो.

बंदरातला_दवाखाना

दवाखान्यात काय काय येतं त्यावरून लिहिते.

बोट लागण्यावरची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. ती पोटात राहतच नाही. रिकाम्या पोटी चढू नका, तेलकटही खाऊ नका, भाकरी, सुका पाव, आल्याचा तुकडा चालेल. आत माशांच्या खणाजवळ (मासे साठवायच्या तळघराजवळ) किंवा इंजिनच्या धुरात बसू नका, उघड्यावर बसून क्षितिजाकडे बघा. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. पाणी घोट-घोट, त्यात मीठ-साखर. गोळीने झोप येते, म्हणून ती घेऊन विंचजवळ उभं राहायचं नाही.

निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. माशाच्या काट्याने झालेली बारीक जखम सगळेच दुर्लक्षितात आणि चौथ्या दिवशी हात सुजून येतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, जंतुनाशक लावा, मग हातमोजा. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून हात-पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास धरा. आधी न दुखावलेल्या हाताने पाणी तपासा, नाहीतर वेदनेत भाजल्याचं कळत नाही. काटा छाती, पोट किंवा मानेत घुसला असेल तर उपटू नका, तसाच घेऊन या.

समुद्रसाप जाळ्यात येतात आणि मेलेले वाटले तरी चावतात. चावा फारसा दुखत नाही, तिथेच फसगत होते. काही तासांनी अंग दुखतं, पापण्या जड होतात, लघवी गडद होते. आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषावरचं औषध समुद्रसापाच्या विषासाठी बनवलेलं नाही, त्यामुळे श्वासाची यंत्रं असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे लवकर निघणं हाच उपाय. सापाला हाताने उचलायचं नाही, लांब दांड्याने पाण्यात टाकायचं.

आणि माशांचा खण. हे कृपा करून लक्षात ठेवा. माशांचं पाणी तळाशी सडून तिथे विषारी वायू साचतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, मात्रा वाढली की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. काही दिवस बंद राहिलेल्या खणाची झाकणं उघडून बराच वेळ वारा लागू द्या, पंप लावून तळाचं पाणी काढा, मगच कमरेला दोर बांधून एकाने उतरायचं आणि दोर वरच्या माणसाच्या हातात. वर माणूस नसेल तर उतरायचं नाही.

आंबाघाट_22

खूप आभार. दोन शंका. एक, गावातल्या एका ओळखीच्याने गुजरातच्या बोटीवर जास्त पैसे मिळतात म्हणून तिकडे चल म्हटलंय. दुसरं, कोर्सचं कुणी सांगितलं नाही.

सुकतीची_वेळ

पोरबंदर, ओखा, मांगरोळच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातले पुष्कळ खलाशी जातात, काम खरंच मिळतं. पण कच्छपुढे पाकिस्तानच्या सागरी हद्दीजवळ मासा आहे म्हणून बोटी तिकडे सरकतात आणि पकडल्या जातात. पाण्यात रेघ आखलेली नसते, प्रवाह आणि जाळं बोटीला ओढत नेतात. पकडलेले खलाशी शिक्षा भोगून झाल्यावरही तिथल्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकून पडलेले आहेत. पहिल्या वर्षी, जीपीएस वाचता येत नसताना, तांडेलाच्या भरवशावर तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

कोर्सचं असं. कोचीच्या सिफनेटमध्ये, म्हणजे केंद्राच्या मासेमारी प्रशिक्षण संस्थेत, नॅव्हिगेटर आणि मरीन फिटरचे दोन वर्षांचे कोर्स आहेत, दहावीवर, गणित-विज्ञानात किमान 40 टक्के. पुढे समुद्रावरची सेवा भरून मोठ्या मासेमारी जहाजांच्या परीक्षा देता येतात. पण वयाची अट 20 पर्यंत आहे, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. त्यामुळे तुला बहुधा उशीर झाला. धाकटा भाऊ असेल तर त्याला सांग.

तुझ्या उपयोगाचा तो राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा सहा महिन्यांचा कोर्स: सागरी मासेमारी, नौकानयन आणि डिझेल इंजिनची देखभाल. वय 18 ते 35, शिक्षण चौथी पास, पोहता यायला हवं. मात्र क्रियाशील मच्छीमार असल्याचा संस्थेचा दाखला लागतो. म्हणून क्रम उलटा: आधी बोट, मग कोर्स. दोन हंगाम काढ, संस्थेत नाव ठेव, नंतर अर्ज कर.

पोहण्याचं: विहीर आणि समुद्र यांत फरक आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर जाणत्या माणसाबरोबर कपड्यांसकट पंधरा मिनिटं तरंगायचा सराव कर. आणि तरी रात्री, जाळं टाकताना आणि खेचताना लाइफ जॅकेट अंगावर. पाण्यात पडणारे बरेचसे जण वादळात पडत नाहीत, रात्री एकटे कठड्याशी लघवीला उभे राहिलेले असताना पडतात. त्या वेळी एकाला उठवून सांगायचं, किंवा डबा वापरायचा. कुणी पडलाच तर तरंगणारं जे हाताशी येईल ते फेकायचं, एकाने हाताने दिशा दाखवत त्याच्यावरची नजर हलवायची नाही, दुसऱ्याने जीपीएसवर जागा नोंदवायची, आणि बोट त्याच्या दिशेने मागे घ्यायची नाही, पंखा तिकडेच असतो.

जाळं सुटत असताना दोराच्या वेटोळ्यात पाय नको. उभं राहण्याआधी पायाखाली बघ. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, अंगठी विंचजवळ नको. कमरेला लहान धारदार सुरी असू दे, अडकलेला दोर कापायला.

अडचणीत व्हीएचएफ रेडिओवर 16 नंबर, तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की तांडेल काय करतो ते बघ. 2009 च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बाहेर असलेल्या बोटींचं काय झालं ते हर्णैत कुणालाही विचार. बावटा बघून न निघणारा तांडेल मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी त्याची बोट धर.

जाळ्याची_सुई

एकच भर. पुढच्या दोन महिन्यांत घरी बसून जाळं दुरुस्त करायला शिका. सुई आणि थोडा नायलॉनचा धागा पुरे. फाटलेल्या भोकाच्या कडा आधी कापून नीट कराव्या लागतात. ज्या गाठीला तीन धागे शिल्लक आहेत तिथून सुरुवात आणि तशाच तीन धाग्यांच्या गाठीवर शेवट, मधल्या सगळ्या गाठींना दोनच धागे शिल्लक हवेत. हे न करता नुसतं शिवत गेलं तर एक आस लहान, एक मोठा होतो, ताण तिथे येतो आणि पुढच्याच फेरीला शेजारी फाटतं.

भरतीची वेळ काढायची जुनी रीतही शिकून घ्या: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे मुंबईच्या बाजूला साधारण साडेचारला पूर्ण भरती, त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाली रत्नागिरी-मालवणला वेळ थोडी अलीकडे येते, तो फरक तिथल्या माणसांकडून घ्या. मोबाइलवर तक्ता असतोच, पण तिथी माहीत असलेल्या पोराला तांडेल जाळ्याजवळ उभं करतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंदरावर या. बोटी रंगत असतात, जाळी पसरलेली असतात, माणसं मोकळी असतात. सकाळी हातात सुई घेऊन दुरुस्तीला बसा, दोन दिवसांत कुणीतरी विचारेल कुठला म्हणून.